कापडाआडचे हात

तात्या गेल्याची बातमी आली तेव्हा मी बारामतीच्या ऑफिसात एका तरुणाची मुलाखत घेत होतो. समोर माणूस बसलेला असताना फोन उचलायचा नाही, हा माझा नियम. तो नियम मला ज्यांनी लावला तेच गेले आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्या तरुणाचीच परवानगी घेऊन मी तो उचलला. पलीकडे हौसाबाई होत्या, इंदापूरकडच्या आमच्या पॅकहाउसमधल्या सगळ्यात जुन्या. त्या म्हणाल्या, “महेशराव, तात्या गेलं. सकाळी बागंत, बसल्या जागी. तुमी घाई करू नका, म्होरं कोण बसलं आसंल तेचं आधी नीट उरका... तात्यानं ह्येच सांगितलं आसतं.” मी उरलेली दहा मिनिटं त्या मुलाला काय विचारलं, त्यानं काय सांगितलं, यातलं एक अक्षर मला आठवत नाही. म्हणून त्याला पुन्हा बोलावून दुसऱ्यांदा मुलाखत घ्यावी लागली. त्याला ती माझी काहीतरी नवी युक्ती वाटली.

किसनतात्या आमच्या पॅकहाउसचे लाइनप्रमुख. डाळिंब, पेरू, द्राक्षं निवडून, खोक्यांत भरून परदेशी पाठवण्याचं आमचं काम. निवडणीच्या लाइनवर चाळीसेक बायका, आणि त्यांच्यावर तात्या. त्यांचं आडनाव मी इथे लिहीत नाही. एक तर त्यांना ते आवडलं नसतं, आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे लाइनवर कुणाचंच आडनाव कुणी विचारत नाही. हा त्यांचाच कायदा. आडनाव विचारलं की गाव कळतं, गाव कळलं की त्या गावातली आळी कळते, आणि त्यापुढचं न विचारताच कळतं, असं ते म्हणायचे. वय अडुसष्ट, अंगानं काटकुळे, आणि आवाज असा की पलीकडच्या शेडमधला ट्रक ड्रायव्हर गाडी मागे घेता घेता थांबावा. मूळ गाव पळसदेवच्या बाजूला. घरची दीड-दोन एकर डाळिंबाची बाग, आणि त्या बागेचा लळा पोटच्या पोरासारखा.

सात वर्षांपूर्वी मी या पॅकहाउसमध्ये ‘एचआर’ म्हणून आलो. पुण्याहून डिग्री आणली होती, लॅपटॉप होता, आणि माणसं निवडण्याचं शास्त्र आपल्याला येतं असा भ्रमही होता. पहिल्याच महिन्यात निवडणीसाठी सहा बायका घ्यायच्या होत्या आणि बारा जणी आल्या होत्या. मी जवळच्याच पणदऱ्याचा. समोरच्या बाईला ‘कुठल्या तुम्ही’ असं विचारायचा अवकाश, की दोन मिनिटांत नातं निघायचं. एकीचे चुलते आमच्या मामांचे व्याही निघाले. एक तर माझ्या आत्याची चुलत नणंद निघाली, आणि तिनं मला लहानपणी कडेवर घेतल्याचं चारचौघांत सांगितलं. तिच्यासाठी चहा मागवला. संध्याकाळी मी मोठ्या समाधानानं सहा नावांची यादी केली. दिवसभर कोपऱ्यात गप्प बसलेले तात्या उठले, यादी हातात घेतली आणि म्हणाले, “बेस झालं. सगळी चांगल्या घरची दिसत्यात. फकस्त येवढंच सांगा साहेब, ह्यातल्या कुणाला डाळिंब कळतं?”

बारा जणींपैकी एकीच्याही हातात मी डाळिंब दिलं नव्हतं.

त्या दिवशी शेडच्या पायरीवर बसून तात्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली. विशीत असताना कुठल्याशा कारखान्यात ते नोकरीसाठी रांगेत उभे राहिले होते. कारखान्याचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फिटरचं काम येत होतं, सर्टिफिकेट खिशात होतं. आत गेल्यावर साहेबानं मान वर न करता विचारलं, कुणाचा रं तू? यांनी वडिलांचं नाव सांगितलं. साहेबाला ते ओळखीचं वाटलं नाही, म्हणून पुढचा आत बोलावला. तात्या हसून सांगत होते, पण एवढ्या वर्षांनीही ‘सर्टिफिकेट उघडलं बी न्हाय’ म्हणताना त्यांचा हात खिशाकडे गेला. मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या यादीची लाजही वाटली. यादी मी तिथेच फाडली.

पुढच्या सोमवारी बाराही जणींना पुन्हा बोलावलं, आणि शेडमधल्या कुणाला हात घालायचा असेल तर तिनंही यावं, असं तात्यांनी सांगितलं. डाळिंबाच्या झाडांना उन्हापासून जपायला जे पांढरं कापड पांघरतात, ते तात्यांनी शेडमध्ये आडवं ताणलं. त्याला हात घालण्यापुरती भोकं पाडली, आणि वर खालचा माल दिसेल एवढी चीर. पलीकडे बाया, अलीकडे त्यांचे हात आणि हातांपुढे एकेक क्रेट. क्रेटमधला माल आकारानं, रंगानं निवडायचा, डागाचं, तडकलेलं, आतून पोकळ लागणारं बाजूला काढायचं. अलीकडून आम्ही, म्हणजे मी, तात्या आणि लाइनवरच्या जुन्या बाया, गुण देणार, नावाला नव्हे, भोकावरच्या नंबराला. कल्पना झकास होती, पण पहिल्या दिवशी तिचा पुरता बोजवारा उडाला. कारण आमच्याकडच्या पन्नाशीच्या बायांच्या हातावर गोंदण असतं, आणि गोंदणात नाव असतं! चौथ्या नंबराच्या मनगटावर स्वतःचं नाव, माहेरचं गाव आणि खाली तुळशीवृंदावन, असा सगळा बायोडाटाच होता. सातव्या नंबरच्या बांगड्या हौसाबाईंनी ओळखल्या, कारण त्या दोघींनी मिळूनच भरल्या होत्या. गुण द्यायचे सोडून अलीकडच्या बाया पलीकडच्या बायांशी कापडातूनच गप्पा मारायला लागल्या. तात्यांनी कपाळावर हात मारला. पण माणूस हार मानणारा नव्हता. रानात काम करताना बायका साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात. दुसऱ्या दिवशी तात्या तसे दीडेक डझन ढगळ शर्ट आणि पॅकहाउसमधले हातमोजे घेऊन आले. मग मात्र सगळे हात एकसारखे झाले.

त्या सहांत कोण निवडलं गेलं हे सांगायलाच हवं. पहिल्या तीनमध्ये दोघी आमच्याच शेडमध्ये झाडलोट करणाऱ्या निघाल्या. चार-पाच वर्षं त्या निवडणीच्या लाइनशेजारून झाडू फिरवत होत्या, बघून बघून शिकल्या होत्या, आणि त्यांना लाइनवर घ्यावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. का आलं नव्हतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलत नव्हतं. त्या दिवसापासून आमच्याकडे भरती अशीच होते. पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या येतच राहिल्या. तात्या चिठ्ठी आणणाऱ्याला चहा पाजायचे, चिठ्ठी मान देऊन ठेवून घ्यायचे आणि सांगायचे, पावनं, बाईला पाठवा, भोक मोकळं हाय.

नोकरी दिली की संपलं, असंही त्यांचं नव्हतं. आमच्याकडे बाया आठ तास उभ्यानं काम करायच्या. स्टूल द्या म्हणून तात्यांनी मालकांना चारदा सांगितलं. मालक माणूस चांगला, पण बसून काम मंदावतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं होतं. पाचव्यांदा तात्यांनी मागणी केली नाही. येत्या गुरुवारी तासभर लाइनवर या, माल बघा, एवढंच म्हणाले. मालक आले, हौसाबाईंच्या शेजारी उभे राहिले. वीस मिनिटांनी त्यांनी एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला, अर्ध्या तासानं इकडेतिकडे बघायला लागले आणि चाळिसाव्या मिनिटाला म्हणाले, एखादी खुर्ची आहे का रे? तात्या म्हणाले, न्हाय जी. पुढच्या आठवड्यात उंच स्टुलं आली.

मीही मागे नव्हतो. कर्मचाऱ्यांच्या आनंदाची पाहणी करायची म्हणून मी कागदावर पाच चेहरे छापून आणले, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि आपल्याला लागू असेल त्यावर खूण करा म्हणालो. चाळीसच्या चाळीस जणींनी रडक्या चेहऱ्यावर खूण केली. माझी झोप उडाली. आता मालकांना काय अहवाल द्यायचा, म्हणून मी तात्यांकडे धावलो. ते मला हौसाबाईंकडे घेऊन गेले. हौसाबाई डब्यातली चटणी सगळ्यांना वाटत खिदळत होत्या. खूण रडक्यावर का केली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की हसऱ्यावर केली तर दिवाळीला पगारवाढ कुठल्या तोंडानं मागायची? तात्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की माणूस सुखी आहे का हे कागदाला विचारू नये, जेवणाच्या सुट्टीत शेडबाहेर उभं राहून ऐकावं. हसण्याचा आवाज आला तर बरं चाललं आहे, फक्त डब्यांचा आला तर काहीतरी बिनसलं आहे. तेव्हापासून माझी पाहणी म्हणजे एवढीच, आणि ती अजून चुकलेली नाही.

जेवणानंतर दहा मिनिटं पाठ टेकायची, हीही त्यांचीच पद्धत. रिकामी खोकी उलगडून जमिनीवर अंथरायची आणि पदर तोंडावर घेऊन सगळ्यांनी आडवं व्हायचं. एकदा आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीचा एक तपासनीस कामगारांची स्थिती बघायला आला तो नेमका त्या वेळी. दारातून त्यानं पाहिलं, तर चाळीस बाया ओळीनं, चेहरे झाकून, निपचित पडलेल्या. तो पांढराफटक पडला आणि खिशातला फोन काढून अँब्युलन्स, अँब्युलन्स असं म्हणायला लागला. तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं, एक खोकं उलगडलं, त्याच्यापुढे अंथरलं आणि हातानं खूण केली. पाहुणा बिचारा संकोचून टेकला. दहा मिनिटांनी बाया उठून कामाला लागल्या तरी तो उठेना. तात्यांनी त्याला अजिबात हलवू दिलं नाही, लांबनं आलंय लेकरू, म्हणाले. अर्ध्या तासानं तो उठला आणि त्यानं अहवालात ‘विश्रांतीची उत्तम सोय’ असं लिहिलं.

असा हा माणूस. पण स्मृतिलेखात माणसाच्या फक्त चांगल्याच गोष्टी लिहायच्या असतील तर तो तात्यांवरचा लेख होणार नाही. त्यांच्याकडून एक अन्याय झाला, आणि तो झाला तेव्हा मी शेजारी बसलो होतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. निवडणीसाठी भरती होती, कापड लागलं, हात आले, गुण दिले गेले. उमेदवारांना घरी पाठवून मी आणि तात्या ऑफिसात नंबर आणि अर्ज जुळवायला बसलो. नऊ नंबरचे हात तर आम्हा सगळ्यांच्या लक्षात राहिले होते. डाळिंब उचलताना ते दाबत नव्हते, नुसतं तोलत होते. तात्यांनी स्वतः तिला सगळ्यात जास्त गुण दिले होते. मी अर्ज काढला. नाव रूपाली, पत्ता माळेगावचा, माहेरचा. तात्यांनी फोटो उजेडाला धरून पाहिला. मग म्हणाले, “ही आमची सून हाय.” तिनं घरी न सांगता, माहेरच्या नावानं अर्ज केला होता. मला तर आनंदच झाला. मी म्हटलं, तात्या, पेढे काढा. त्यांनी तो अर्ज उचलून गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला आणि म्हणाले, तिच्या खालोखालच्या दहा नंबरला कळवा. मी हुज्जत घातली. म्हटलं, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं? ते म्हणाले की मला माहीत नव्हतं हे तुम्हाला माहीत आहे, गावाला नाही. गाव म्हणणार, तात्यानं आतून खूण केली. आणि मग पुढच्या प्रत्येक भरतीत कापडाला कोण विचारतो? तिला काय सांगणार, असं मी विचारलं. “हात जड हाय म्हणून सांगतो,” ते म्हणाले. तिच्याएवढा हलका हात त्या दिवशी दुसरा नव्हता. आणि मी... मी दहा नंबरला फोन लावला. मला राग आला होता, तरी मी गप्प बसलो. कारण कापड वाचवायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे तात्यांपुढे तोंड उघडायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर आम्ही तो विषय काढला नाही. जाण्याच्या महिनाभर आधी मात्र तात्यांनीच काढला. स्टुलावर बसून ते पेरूचं क्रेट तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “महेशराव, त्या पोरीवर मी अन्याव केला. चिठ्ठ्यांना न्हाय भ्यालो कदी, माज्या नावाला भ्यालो.” मी म्हटलं, मग पुढच्या भरतीला बोलवू या की. ते मान हलवत म्हणाले, मी हितं हाय तवर न्हाय. मी नसल्यावर तिला कापडाआड हुबं करा. त्यांच्या बोलण्यात मरणाचं काही नव्हतं, दिवाळीनंतर निवृत्त व्हायचं चाललं होतं. आम्हाला दोघांनाही वाटलं, वेळ आहे.

दहाव्याला उजनीच्या काठावर सगळं पॅकहाउस जमलं होतं. विधी उरकल्यावर मालकांनी डोळे पुसले आणि चारचौघांत जाहीर केलं की तात्यांच्या जागी त्यांच्या सुनेला घेऊ, शिकलेली आहे, तीच तात्यांना खरी श्रद्धांजली. माणसांनी माना डोलावल्या. मालकांचा हेतू शंभर टक्के चांगला होता, पण मला ते बोचलं. लाइनवर यायचा हक्क जिनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी कमावला होता, ती आता दया म्हणून तिथे येणार होती. ती लाइनवर उभी राहिली की प्रत्येक जण म्हणणार होता, सासऱ्याच्या पुण्याईवर आली. आणि कापड लावावं तर? लाइनप्रमुखाची जागा, हौसाबाईंसारख्या मुरलेल्या बाया स्पर्धेला. दोन वर्षांत हाताची सवय मोडली असेल, ती हरली तर तात्यांचं ओझं माझ्या डोक्यावर कायमचं राहणार होतं. मी भित्रा माणूस. मनात म्हटलं, जाऊ दे, मालक देताहेत तर घेऊ दे पोरीला.

रूपाली बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. मी तिला प्रथमच जवळून पाहत होतो. तिनं मालकांना नमस्कार केला, उपकार झाले म्हणाली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “सर, अशी जागा नको मला. तुमी कापड लावा.”

गेल्या आठवड्यात कापड लागलं. सहा जणींनी हात घातले, ढगळ शर्ट, मोजे, सगळं नेहमीसारखं. लाइनप्रमुखाला दुसऱ्यांचं काम तपासता यावं लागतं, म्हणून या खेपेला आधीच निवडलेली क्रेटं दिली, आणि प्रत्येकात मुद्दाम काही फळं चुकीची घातली होती. ती हुडकून काढायची. मी गुण द्यायला बसलो नाही. मला त्या जागेवर बसायचा हक्क उरला नव्हता. हौसाबाई स्वतःच पलीकडे उभ्या होत्या, तेव्हा गुण द्यायला लाइनवरच्या इतर पाच जणी बसल्या. नंबर जुळवताना मी ते सगळ्यांसमोर जुळवले. पहिला नंबर चार. चार नंबर रूपाली. तिनं सगळी चुकीची फळं काढली होती आणि वर एक फळ असं काढलं होतं जे आम्ही घातलंच नव्हतं. कापून पाहिलं तर आतून काळं. दुसऱ्या आलेल्या हौसाबाईंनीच कापड खाली ओढलं आणि तिला शर्टासकट मिठी मारली. मला रडू आलं, ते लपवायचं काही कारण नाही.

सगळे पांगल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. सर, एक विचारू का, म्हणाली. दोन वर्षांपूर्वी माझा नंबर कितवा आला होता? मी कागद इकडचे तिकडे केले. मग म्हटलं, पहिला. आणि मला ते माहीत होतं, असंही म्हटलं. ती रागावेल, रडेल, मला चार शब्द सुनावेल असं वाटलं होतं. ती हसली.

“मला तवाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तात्या घरी येऊन म्हणाले, तुझा हात जड हाय. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या बागेतला तोडलेला सगळा माल माझ्यापुढं ओतला, म्हणाले निवड. त्या मालाला त्यांनी जन्मात दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. जड हाताच्या सुनेला कोण देईल, सांगा.”

मग तू भांडली का नाहीस, मी विचारलं.

“भांडले की. आठ दिवस बिनसाखरेचा चहा दिला त्यांना. एक शब्द बोलले न्हाईत, गुमान प्यायले. मग मी पण सोडून दिलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर चहा आला. लाइनप्रमुखांनी पाठवलाय, कॅन्टीनवाल्या मावशी म्हणाल्या. मी घोट घेतला. साखर नव्हती. मावशी तोंडावर पदर धरून उभ्या होत्या.

मी गुमान प्यायलो. हे लिहितोय तो आज चौथा दिवस आहे, अजून चार आहेत.